आठवीची खोली

आमचे हेडसर बारशाला यायचे ते आमंत्रणाशिवाय. दांडिया बाजारात किंवा आसपासच्या गल्ल्यांत कुठल्याही मराठी घरात पाळणा बांधला, की बाराव्या दिवशी दारात हेडसर हजर. काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दगडी पाटी. आत बायकांची गर्दी, कुणी पाळणा म्हणतंय, कुणी गोविंद घ्या गोपाळ घ्या करतंय, आणि त्यातून वाट काढत हा एकटा पुरुषमाणूस थेट पाळण्यापाशी. चष्मा कपाळावर सरकवून ते बाळाकडे वाकून बघायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे आणि समाधानाने म्हणायचे, "छान. आठवीला अगदी टायमसर येईल."

मग पाटी बाळाच्या पायाशी ठेवायची, घुगऱ्यांची वाटी हातात घ्यायची आणि बाळाच्या आईला विचारायचं, "घालणार ना आपल्या शाळेत?"

बाळंतिणीला त्या दिवशी धड बसवत नसे, तिला कुठली शाळा सुचणार. सुटका करून घ्यायला ती मान हलवायची. हेडसर तो होकार पक्का धरून चालायचे. पुढे मूल शाळेच्या वयाचं झालं आणि आईबापांनी त्याला टाय लावून पिवळ्या व्हॅनमध्ये बसवलं, की हेडसर भर रस्त्यात गाठून म्हणायचे, "अहो, बारशाला कबूल केलं होतंत." त्यांना लांबून येताना पाहून रस्ता बदलणारी बरीच माणसं माझ्या माहितीची आहेत.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते मुलांना इयत्तेने हाक मारत. "काय रे तिसरी, बटण कुठंय शर्टाचं?" "ए पाचवी, आईला सांग, भेटून जा." जूनमध्ये मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं नाव बदलायचं, आणि त्यात त्यांची कधी गल्लत झाली नाही. मला ते सगळं फार गमतीचं वाटायचं. गंमत कशाच्या पोटी होती ते कळायला मला थोडा वेळ लागला.

आमची शाळा मराठी माध्यमाची आणि सातवीपर्यंतच. गुजरातेत तेव्हा सातवीला प्राथमिक संपायचं आणि आठवीपासून हायस्कूल. शहरात मराठी हायस्कूल नव्हतं असं नाही. पण आमच्या मुलांना जवळ पडणारं जे होतं, त्याने मराठीची एक तुकडी बंद केली आणि तिथं इंग्रजी माध्यम सुरू केलं. उरलेल्या तुकडीत जागा मिळायची ती ओळखीपाळखीवर. ज्यांची ओळख नाही त्यांची मुलं सातवीनंतर गुजराती शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायची. घरी मराठी, गल्लीत गुजराती असं बोलणारी ही मुलं, बोलायला कुठंच अडत नव्हती. पण विज्ञान आणि बीजगणित नव्या भाषेत आणि नव्या लिपीत म्हटल्यावर हुशार मुलंही गळपटायची. एरवी पहिल्या पाचांत येणारी मुलं नववीला दोनदा बसलेली मी पाहिली आहेत.

हेडसरांना आमच्याच शाळेला आठवी जोडायची होती, मग नववी, मग दहावी. मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा ते या नादात आधीच मुरलेले होते. घराणं इथल्या जुन्या मराठी संस्थानातल्या अंमलदारांचं, शिक्षण चांगलं, पगार जेमतेम, लग्न केलेलं नाही. एकदा स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "सर, आठवीसाठी जगाची पोरं शोधत फिरता, एखादं स्वतःचं द्यायचं होतं." ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "बाई, किरकोळीत परवडत नाही, म्हणून घाऊक धरलं."

त्यांचा दुसरा नाद सुतळीचा. सरकारी नियमाप्रमाणे हायस्कूलच्या वर्गाची खोली जेवढी लांब-रुंद हवी, त्या मापाच्या गाठी मारलेली सुतळी त्यांच्या खिशात असायची. रिकामी जागा दिसली की ती बाहेर निघायची. मंगल कार्यालय असो, देवळाचा सभामंडप असो, ते एक टोक कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि दुसरं घेऊन चालू लागायचे. माझे सासरे गेले तेव्हा ते भेटायला आले होते. दोन मिनिटं खाली मान घालून बसले, मग नजर भिंतीकडे गेली, आणि माझ्या नवऱ्याच्या हातात सुतळीचं टोक आलं. नवरा बिचारा पांढऱ्या कपड्यांत सुतळी धरून उभा राहिला. "रुंदीला कमी पडते," असं म्हणून हेडसर हळहळले, आणि ती हळहळ खरी होती.

आमच्या घरी ते फक्त पाणी प्यायचे. कारण माझी मुलगी इंग्रजी माध्यमात होती. मराठी सोडून दुसऱ्या कुठल्याही माध्यमात ज्याचं मूल शिकतं, त्याच्या घरी काही खायचं नाही, हा त्यांचा नेम. माझ्या मुलीच्या शाळेबद्दल मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात होता, परदेशी कंपन्या यायला लागल्या होत्या, मुलाखती इंग्रजीत व्हायच्या. आम्ही जे बघत होतो त्यावरून ठरवलं. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "वांधो नाही, बाई. तुम्ही शिकवता मराठीत, ते पुष्कळ आहे. पण पाणीच द्या." मला राग यायचा. चिवडा करून ठेवलेला असायचा आणि हा गृहस्थ रिकाम्या पोटी पेलाभर पाणी पिऊन उठायचा.

हाच नेम त्यांनी वर्गणीलाही लावला, आणि तिथं तो महागात गेला. आठवीची मंजुरी हवी तर आधी खोली दाखवा, असं शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून उत्तर आलं होतं. खोलीला पैसे हवेत. मकरपुऱ्यातले एक मराठी कारखानदार म्हणाले, गच्चीवर तुमची खोली मी बांधून देतो, स्लॅबसकट, फक्त दारावर आईच्या नावाची फरशी लावा. हेडसरांनी विचारलं, "मुलं कुठं शिकतात आपली?" मुलं इंग्रजी शाळेत शिकत होती. हेडसर नमस्कार करून उठून आले. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत त्या दिवशी भांडण झालं. चिटणीस म्हणाले, "सर, तुम्हाला खोली पाहिजे की त्यांची पोरं?" हेडसर म्हणाले, "पोरं. पोरं असली तर झाडाखाली पण आठवी होईल." पोरं आणि खोली दोन्ही लागतात हे त्यांना माहीत होतं, सुतळी तर खिशातच होती. पण हट्टापुढे त्यांचं शहाणपण चालायचं नाही.

मग ज्यांची मुलं मराठीत शिकत होती, त्यांच्याकडून वर्गणी जमली. म्हणजे कारकून, शिपाई, शिवणकाम करणाऱ्या बाया, कारखान्यातले फिटर. त्यातून खोली उभी राहायला वर्षं गेली. स्लॅब झाला नाही, वर पत्रे आले. उन्हाळ्यात आत बसवत नसे. पण सुतळीच्या मापाला तंतोतंत उतरली. दारावर हेडसरांनी स्वतः ब्रश घेऊन रंगवलं, 'आठवी अ'. मी म्हटलं, "एकच तर वर्ग आहे, अ कशाला?" ते म्हणाले, "ब ला वाईट वाटेल."

त्या वर्षी सातवीत वर्षा नावाची मुलगी होती. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडील मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. त्यांचे आजे-पणजे संस्थानाच्या फौजेत होते, घरी भिंतीवर एका फेटेवाल्याचा पिवळा पडलेला फोटो होता, त्याच्या पलीकडे त्या फौजेचं काही उरलेलं नव्हतं. घर शाळेच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. आई अंथरुणाला खिळलेली. तिला दुपारी एकदा कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. मधल्या सुट्टीत वर्षा धावत घरी जायची, आईला वळवायची, दोन घास भरवायची आणि घंटेच्या आत परत यायची. तरी गणितात तिच्यापुढे कुणी नव्हतं. मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं आणि ती दुसऱ्यांना सांगू नये म्हणून हाताने तोंड दाबून बसायची. मला ती मुलगी फार आवडायची. माझ्या स्वतःच्या मुलीला मी गणित शिकवायला बसले की वर्षाची आठवण होऊन चिडचिड व्हायची.

सातवीचा निकाल लागला त्या दिवशी तिचे वडील गणवेशातच शाळेत आले. रात्रपाळी करून आले होते. म्हणाले, "सर, आठवी इथं होणार असली तर पोरगी शिकेल. लांबच्या शाळेत नाय पाठवता येत. दुपारी तिच्या आईला कोण बघणार? तसं नक्की नसेल तर आताच सांगा, मी दाखला घेऊन जातो आणि तिला घरी बसवतो. आशा लावून नको ठेवायला."

हेडसर म्हणाले, "आठवी होणार. माझा शब्द."

मी तिथंच होते. शब्द द्यायला त्यांच्याकडे आधार होता, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. खोली झाली होती. कचेरीतून तोंडी सांगितलं होतं, जूनमध्ये वर्ग सुरू करा, आम्ही दोन-तीन महिन्यांत तपासणीला येऊ, खोली आणि हजर मुलं बघू, नियमाएवढी मुलं वर्गात बसलेली दिसली की मंजुरी. मुलं नियमापेक्षा थोडी जास्तच जमली होती. हेडसरांनी घरोघर जाऊन आईबापांना सांगितलं, दाखले काढू नका, दुसरीकडे जागा बघू नका. लोकांनी ऐकलं. जूनमध्ये पत्र्याखाली आठवी अ सुरू झाली. पाऊस आला की पत्र्यांचा आवाज इतका व्हायचा की मी शिकवणं थांबवून नुसती फळ्यावर लिहायची. हेडसर तासातासाला जिना चढून यायचे, दारात उभे राहायचे, परत जायचे. ते त्या दोन-तीन महिन्यांत जेवढे सुखी दिसले तेवढे मी त्यांना आधी पाहिले नव्हते आणि नंतर तर नाहीच.

आणि मग गौरी आल्या.

गौरीपूजनाची सुट्टी सरकारी यादीत नसते. गुजरातेत गणेश चतुर्थी लोकांना कळते, गौरी कुणाला ठाऊक नाहीत. नियमाने बघितलं तर शाळेला स्थानिक सुट्टी घेता येते, आधी कचेरीला एका ओळीने कळवलं की झालं. हेडसर कधीच कळवत नसत. "आपल्या घरी गौर जेवायची, त्याला मी त्यांची परवानगी मागू?" असं म्हणायचे. गौरीजेवणाच्या दिवशी शाळा बंद ठेवायची आणि एका रविवारी भरून काढायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. कचेरीच्या दृष्टीने तो दिवस शाळा चालू असल्याचा. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मराठी शाळेचा मराठीपणा कशात, तर गौरीच्या सुट्टीत, असं त्यांनी पालकांच्या सभेत सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या वर्षी मी म्हटलं होतं, "सर, तपासणी कधीही येईल, यंदा तरी कळवून टाका." ते म्हणाले, "नेमके त्याच दिवशी कशाला येतील?"

नेमके त्याच दिवशी आले.

मी पुरणाला चटका देत होते. शाळेचा शिपाई धापा टाकत दारात आला. अधिकारी आलेत, वर खोलीत बसलेत, हेडसरांनी बोलावलंय. मी पुरण सासूबाईंवर सोपवलं, होत्या त्या साडीत निघाले. वर गेले तर अधिकारी बाकावर बसून पंख्यासाठी वर बघत होते. पंखा अजून बसायचा होता. खोली त्यांनी मोजून घेतली होती, हेडसरांच्याच सुतळीने. माणूस वाईट नव्हता. वयाने हेडसरांएवढाच, शांत. हेडसर त्यांना समजावून सांगत होते की आज आमच्या घरोघरी सण आहे. अधिकारी म्हणाले, "साहेब, कागळ उपर तो आजे शाळा चालू छे. पण वांधो नहीं. हुं जमवाना टाइम सुधी बेठो छुं. तमे छोकरां लई आवो." कागदावर आज शाळा चालू आहे, पण हरकत नाही, दुपारच्या जेवणापर्यंत थांबतो, मुलं घेऊन या. याच्यापेक्षा जास्त कोण काय करणार?

वर्षा तेवढ्यात आली होती. त्यांच्या घरी त्या वर्षी गौरी उभ्या केल्या नव्हत्या; आई अशी पडलेली म्हणून त्या चुलत्यांकडे बसवल्या होत्या. गल्लीत बातमी कळताच ती गणवेश घालून, वेणी घालून पहिल्या बाकावर येऊन बसली. येताना शेजारच्या दोघींना ओढून आणलं होतं.

मी आणि हेडसर बाकीच्यांसाठी निघालो. ती दुपार मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. एकाही घरात आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. सगळीकडे आमचं स्वागत झालं. "सर आले, बाई आल्या, या या, पाट मांडा." गौरीच्या दिवशी दारात आलेला माणूस न जेवता परत पाठवायचा नसतो. हेडसर उंबऱ्यातच उभे राहून सांगायचे, मुलाला तासभर द्या, नुसता वर्गात बसू दे, त्याच्यावर आठवी अवलंबून आहे. आणि आतून उत्तर यायचं, "हो हो, पाठवते की. नैवेद्य झाला की लगेच पाठवते."

नैवेद्य कुठं बारा वाजता होतो? सोळा भाज्या, पंचपक्वान्नं, आरती, मग पंगत. मुलं नवे कपडे घालून हात धुऊन बसलेली. गौर जेवायच्या आधी घरातलं मूल उठून बाहेर गेलेलं कुठल्याच घरात चालणार नव्हतं. कारकुनाच्या घरी तेच, फिटरच्या घरी तेच. पालकांच्या सभेत मातृभाषेवर सगळ्यात लांब भाषण केलेले एक बँकेतले गृहस्थ होते. सोवळं नेसून बाहेर आले आणि म्हणाले, "सर, त्या साहेबांना उद्या नाही का बोलावता येणार? सकाळी मी स्वतः घेऊन येतो मुलाला, लिहून देतो." त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "आणि सरांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका हं." हेडसर पुढच्या घराकडे वळले. गौरीसाठी शाळा बंद ठेवायला लोकांना त्यांनीच शिकवलं होतं.

मला त्या लोकांचा संताप आला. आजही येतो. एक तासाचा प्रश्न होता. देवीला एक तास थांबवता आलं नसतं, असं मला कुणी समजावून सांगू नये. माझ्या घरीही गौर होती आणि मी पुरण तसंच टाकून आले होते. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापैकी कुणाला आपण काही मोडतो आहोत असं वाटलंच नाही. शाळा आपली, सर आपले, कुठं जाणार आहेत, असं त्यांना वाटलं. आपल्या माणसांनाच आपण असं गृहीत धरतो.

आम्ही परत आलो तेव्हा बरोबर मोजकी मुलं होती. एकाच्या हातात करंजी होती. अधिकारी वाट बघत बसले होते. त्यांनी वर्षाला वाचायला सांगितलं असावं, फळ्यावर तिने एक उदाहरणही सोडवलेलं दिसत होतं. उठताना ते म्हणाले, "छोकरी बहु हुशार छे." मग मुलांवरून नजर फिरवली आणि मान हलवली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाले. खोली चांगली आहे असंही म्हणाले. हेडसर त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले, "आवजो" म्हणाले, आणि तिथंच कठड्याला धरून उभे राहिले.

जेवणं आटोपून चारच्या सुमाराला मुलं यायला लागली. एकामागून एक, नव्या कपड्यांत, विडा खाऊन लाल झालेल्या तोंडांनी. बँकेतले गृहस्थही आले, हातात डबा घेऊन. "सरांसाठी पुरणपोळी," म्हणाले. खोली भरली. नियमापेक्षा जास्त मुलं होती. हेडसर दारात उभे राहून बघत राहिले.

पुढचं सगळं भराभर झालं. नामंजुरीचा कागद आला आणि वर्ग मोडला. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी अर्ध्या वर्षात कुठंकुठं मुलं घुसवली. बँकेतल्या गृहस्थांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, देणगी देऊन. काहींचं वर्ष फुकट गेलं. पुढच्या वर्षी हेडसरांनी पुन्हा अर्ज केला, पण लोक शहाणे झाले होते. सातवी संपायच्या आतच दाखले काढायला लागले, मग पाचवीनंतर, मग पहिलीलाच कुणी येईना. वरच्या खोलीत मंडळाने संगणकाचे क्लास काढायला जागा भाड्याने दिली. दारावरच्या 'आठवी अ' वर त्यांनी इंग्रजी बोर्ड ठोकला. हेडसर निवृत्त व्हायच्या सुमारास मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले होते, तर रद्दीच्या गठ्ठ्याला गाठी मारलेली ती सुतळी बांधलेली होती.

वर्षा घरी बसली. तिचे वडील शाळेत आले ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून थांबलो." मग दाखला घेऊन गेले. हेडसर रोज संध्याकाळी तिला शिकवायला तिच्या घरी जाऊ लागले. बाहेरून दहावीला बसवू म्हणत होते. थोडे दिवस ते चाललं. मग वडिलांनी हात जोडून सांगितलं, "आता नको सर. पोरगी मोठी झाली, गल्लीत लोक बोलतात." त्यानंतर हेडसर कुठल्याही बारशाला गेले नाहीत. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही. मला मात्र प्रत्येक बारशाला दाराकडे बघायची सवय लागून गेली.

तिची आई वारली त्याच्या पुढच्या वर्षी, अठरावं लागायच्या आत, वर्षाचं लग्न करून दिलं. सासर शहराजवळच्या पादरा गावचं, शेतीमालाचं छोटं दुकान. मुलगी झाली तेव्हा बारसं सासरच्यांनी पादऱ्यालाच केलं. तिच्या वडिलांनी मला बोलावणं पाठवलं. हेडसरांना आमंत्रण नव्हतं. मी एसटी स्टँडवर गेले तर हेडसर पादऱ्याच्या बसपाशी उभे होते, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी. त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. बसमध्ये ते खिडकीपाशी बसले आणि पाटी मांडीवर धरून सगळी वाट बाहेर बघत राहिले. म्हातारे झाले होते. दातही गेले होते बरेचसे.

वर्षाने आम्हाला पाहिलं आणि उठायला लागली. मी तिला बसवलं. अंगाने वाळली होती, पण हसली ती तशीच, हात तोंडावर घेऊन. हेडसर पाळण्यापाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बाळाकडे बघितलं. बोटांवर काही मोजलं नाही. पाटी पायाशी ठेवली आणि तसेच उभे राहिले. तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

उत्तर वर्षानेच दिलं. रागाने नाही, बाईंना गृहपाठ दाखवावा तशा आवाजात. "सर, हिला इथल्या गुजराती शाळेत घालणार आहे. घराच्या मागंच आहे. बारावीपर्यंत आहे तिथं." मग पाटीवरून हात फिरवून म्हणाली, "ही राहू दे. हिच्यावर गुजराती पण लिहिता येतं."

हेडसरांनी मान हलवली. तिची जाऊ घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन आली तशी वर्षा तिला म्हणाली, "भाभी, सरांना नुसतं पाणी द्या. आमच्यासारख्या घरी सर खात नाहीत."

त्यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होईना. तिला सरांचा नेम माहीत होता आणि तो मोडू नये म्हणून ती जपत होती. मी पदर डोळ्यांना लावला. जावेने पेला पुढे केला. हेडसरांनी तो घेतला नाही. ते पाळण्याशेजारी चटईवर हळूहळू, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

वाटी हातात आल्यावर ते एकेक दाणा तोंडात टाकायला लागले. दात नसल्यामुळे बराच वेळ लागत होता. बायका पाळणा म्हणायच्या थांबून बघत होत्या. सगळ्या घुगऱ्या संपवून त्यांनी वाटी तिच्यापुढे धरली. तिला सातवीत त्यांनी सातवी म्हटलं होतं आणि पत्र्याखालच्या त्या थोड्या महिन्यांत आठवी.

"वर्षा," ते म्हणाले, "अजून थोड्या दे."